झुंबररावांच्या दारातील सहा मोटारसायकली

बुद्धघोषाने आयुष्यात प्रथमच स्वतःची म्हणावी अशी जी वस्तू निर्माण केली, ती हातात धरता येत नव्हती, डोळ्यांना दिसत नव्हती आणि तिला वजनही नव्हते. तथापि तिच्यामुळे एकाच सकाळी एकाच गोठ्यापुढे सहा मोटारसायकली येऊन उभ्या राहिल्या, हे मात्र अनेकांनी डोळ्यांनी पाहिले.

हकिकत पंचाण्णव सालची आहे. अंथुर्णे फाट्यापाशी त्या वेळी एका दूध संघाची कचेरी होती. सभासदांच्या गाईंना कृत्रिम रेतनाची सोय घरपोच मिळावी म्हणून संघाने सहा तंत्रज्ञ नेमले होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि तेही लोकांना दुरुस्त करीत नसत. संध्याकाळी गाय माजावर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरवावी लागते. दुपार झाली की वेळ गेली, आणि पुन्हा माज यायला तीन आठवडे थांबायचे. तोवर गाय गाभण नसली तरी खाते तेवढेच खाते. म्हणून गावोगावच्या दूध संस्थांचे सचिव पहाटे दूध मोजता मोजता निरोप ऐकत आणि कचेरीत फोन करीत. कचेरीतले लिपिक रामहरी ते निरोप भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहीत, आणि तंत्रज्ञ येऊन आपापले काम वाचून निघून जात.

या व्यवस्थेत एक वैगुण्य होते. लांबच्या गावाचे नाव वाचले, की एखादा तंत्रज्ञ फळ्याला टेकून गप्पा मारी आणि तो सरळ उभा राही, तेव्हा ते नाव त्याच्या बाहीला लागलेले असे.

संघाचे अध्यक्ष आबासाहेब निमगावचे. त्यांनी यावर संगणकाचा उपाय काढला.

"फळ्यावरचं नाव बाहीनं जातंय," ते बैठकीत म्हणाले. "छापून आल्यालं पुसून दावा म्हनावं. आनि एक ध्येनात ठिवा, हितनं म्होरं कुनी आपली अक्कल चालवायची न्हाय. कागद म्हनंल तिकडं जायचं."

हा ठराव एकमताने मंजूर झाला.

संगणक आला, नारळ फुटला, आणि तो चालविण्यास माणूस हवा म्हणून अंथुर्ण्याच्या रामभाऊंचा मुलगा बुद्धघोष यास दिवाळीपर्यंत तात्पुरते घेण्यात आले. तो पूर्वी बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात खोकी बांधण्याच्या कामावर होता आणि पाळी सुटल्यावर सुमित नावाच्या मित्राच्या खोलीत संगणक शिकत होता. यंत्र नीट चालले तर संचालक मंडळ त्यास कायम करणार होते. न चालले तर यंत्र पुण्याला आणि बुद्धघोष खोक्यांकडे परत जाणार होता. बुद्धघोषाला खोक्यांकडे जायचे नव्हते. झोपेत त्याच्या बोटांना अजून चिकटपट्टीचा भास होई.

प्रोग्राम त्याने क्लिपर नावाच्या भाषेत स्वतः लिहिला. या भाषेची रीत अशी, की मनुष्याने मजकूर लिहावा आणि मग कंपायलरने तो यंत्राला समजेल अशा रूपात उतरवावा. एकदा उतरवला, की तो वेगाने धावतो. परंतु वाचता येत नाही आणि त्यात फेरफारही करता येत नाही. गुळाची ढेप झाल्यावर तिच्यातून उसाचे कांडे परत निघत नाही, तसेच हे आहे. मूळ मजकूर आणि कंपायलर दोन्ही बारामतीस सुमितकडे होते. कचेरीत केवळ ढेप होती.

त्या भाषेत कोड ब्लॉक नावाची एक सोय होती आणि बुद्धघोषाचा तिच्यावर फार जीव जडला होता. महिरपी कंसात दोन उभ्या रेघा ओढायच्या आणि पुढे एखादे काम लिहायचे. ते काम त्या क्षणी होत नाही. ते पुडीसारखे बांधून राहते आणि पुढे कोणी पुडी सोडली म्हणजे मग होते. विशेष असे, की पुडी बांधताना भोवती जी नावे वावरत होती, त्यांना ती पुढेही धरून राहते; जेथे बांधली ती जागा मागे पडली तरी सोडीत नाही. मोठ्या भाषांत याला क्लोजर म्हणतात असे सुमितने त्यास सांगितले होते. बुद्धघोषास ही गोष्ट माणुसकीची वाटली.

त्याने योजना अशी केली. निरोप आला, की रामहरींनी मालकाचे नाव आणि गाव यंत्रात घालावे. यंत्राने प्रत्येक निरोपाची एक पुडी बांधून ठेवावी. तंत्रज्ञ हजर झाला, की त्याचा क्रमांक दाबावा, मग पुडी सुटावी आणि हजेरीच्या वेळेसह चिठ्ठी छापली जावी.

संगणकाच्या खोलीत चपला घालून जाण्यास मज्जाव होता. यंत्राला धूळ सोसत नाही, असे पुण्याचा माणूस सांगून गेला होता. कचेरीने ते देवघराच्या धर्तीवर अमलात आणले. तंत्रज्ञ गोठ्यातून येत, त्यांचे बूट पाहता त्यांना उंबऱ्याच्या आत घेणे शक्यच नव्हते. म्हणून छपाईचे यंत्र खिडकीत अशा बेताने ठेवले, की चिठ्ठी बाहेरच्या बाजूस उतरावी. आत बसणाऱ्यास ती दिसत नसे.

बुद्धघोषाने महिनाभर चाचणी घेतली. प्रत्येक वेळी तो एक निरोप घाली, एक क्रमांक दाबी आणि खिडकीबाहेर जाऊन चिठ्ठी वाची. ती नेहमी बरोबर असे. निरोपासाठी कोणते नाव घालावे याचा त्याने फार विचार केला नाही. तो आपल्या आईचेच नाव घाली: रंगुबाई, अंथुर्णे.

ज्या दिवशी काम प्रत्यक्ष सुरू झाले, त्या पहाटे सहा गावांहून निरोप आले. रामहरींनी एकेक नाव घातले आणि बुद्धघोषाने ते पडद्यावर उमटताना पाहिले. त्यात योगायोगाने आबासाहेबांचे नाव होते, रंगुबाईचेही होते, आणि अगदी शेवटी शेळगावचे झुंबरराव होते. झुंबरराव म्हणजे आबासाहेबांविरुद्ध उभे राहून पडलेले माजी संचालक. तंत्रज्ञ एकामागून एक येऊन गेले. खिडकीत छपाईचा आवाज सहा वेळा झाला. रामहरींनी चहा मागवला.

"झालं की रं," ते म्हणाले. "मी उगाच भित हुतो. फळ्याला खडू तरी लागायचा."

दहाच्या सुमारास शेळगावच्या संस्थेतून फोन आला. पलीकडचा माणूस आदराने बोलत होता. झुंबररावांनी विचारले आहे, की अजून किती डॉक्टर येणार आहेत. त्या अंदाजाने चहाला दूध घ्यायला बरे.

बुद्धघोष रामहरींची लुना घेऊन निघाला. वस्तीवर पोहोचला तेव्हा गोठ्यापुढे लिंबाच्या सावलीत एक एम-ऐंशी धरून सहा मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मागे वीर्य गोठवून ठेवणारा थंड वायूचा डबा बांधलेला होता. सहाही तंत्रज्ञ बाजेवर बसून बशीतून चहा पीत होते आणि झुंबरराव नवा फेटा बांधून त्यांच्यात उभे होते. खुंट्याची गाय या सर्वांकडे पाठ करून उभी होती.

"या इंजिनेर," तंत्रज्ञांत वयाने वडील असलेला म्हस्कू म्हणाला. "तुमची बी हितलीच चिठ्ठी निघाली का?"

"म्हस्कूतात्या, तुमी हितं काय करताय?"

"चा पितोय."

"काम?"

"केलं की. पयला मीच आलो."

"मग बाकीचे?"

"आमी खात्री केली," दुसरा म्हणाला.

"कशाची?"

"म्हस्कूतात्यानं केल्याची."

बुद्धघोषाने चिठ्ठ्या मागितल्या. सहाही चिठ्ठ्यांवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत झुंबररावांचे नाव आणि शेळगाव छापलेले होते. वेळ तेवढी प्रत्येकीवर निराळी आणि अचूक होती.

"आवं, तुमचा भाग भिगवणचा," तो एकाला म्हणाला. "शेळगावला का आलात?"

"कागद म्हनला."

"पर हितं पाच जण बसल्यालं दिसलं, तवा तरी..."

"तवा काय? आपली अक्कल चालवायची न्हाय, ठराव हाय. फळा हुता तवा चालवीत हुतो, तर आमाला चोर म्हनत हुता."

झुंबररावांनी बुद्धघोषाच्या हातात बशी दिली.

"बस. सातवा तू. आरं, मी मतांत पडलो म्हनून काय झालं? मानसं चुकत्याती. यंत्राला कुठं पार्टी हाय? त्येनं बराबर वळखलं, ह्या तालुक्यात सहा डॉक्टर धाडावं आसं दार कुनाचं हाय ते."

"झुंबरराव, चूक झाली हाय."

"झाली आसंल. पर माझ्या बाबतीत न्हाय झाली."

तंत्रज्ञांना त्यांच्या खऱ्या गावी पिटाळेपर्यंत ऊन डोक्यावर आले. तिघांच्या गाई कशाबशा वेळेत साधल्या. निमगावला आबासाहेबांची आणि अंथुर्ण्यात रंगुबाईची गाय हुकली. म्हस्कूने रंगुबाईच्या गाईला तपासून हात धुतला आणि आता उपयोग नाही असे सांगितले.

रंगुबाईने संध्याकाळी मुलाला जेवायला वाढले.

"यंत्रात माझं नाव हाय म्हनला व्हतास," मग ती म्हणाली.

"हाय, आई. सगळ्यांच्या आधी तुझंच घातलं व्हतं."

"मग?"

"सगळ्यांची नावं घातली. शेवटी नुसतं झुंबररावांचं उरलं."

"हात्तिच्या," रंगुबाई म्हणाली. "म्हंजी ग्रामपंचायतीवानीच की."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी त्याला बोलावून घेतले. केबिनचे दार त्यांनी स्वतः उठून लावले.

"झुंबरनं काय दिलं तुला?"

"चा, आबासाहेब."

"आनि?"

"चाच. सहा जणांचा झाला व्हता, मग मला दिला."

आबासाहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांची गाय हुकली होती आणि ज्याला त्यांनी पाडले तो नवा फेटा बांधून गावभर फिरत होता.

"हे बग," ते म्हणाले. "परवा बैठक हाय. तितं सांग, झुंबरनं सांगितलं म्हनून केलं. तू लेकरू हायस, तुला माफी. त्येला न्हाय. तुझ्या कायमच्या ऑर्डरवर त्याच दिशी सही करतो."

"पर तसं झालं न्हाय."

"मग कसं झालं?"

"ते शोधावं लागंल."

"तुलाच ठावं न्हाय. आनि मला म्हनतोस तसं झालं न्हाय. परवापत्तूर सांगायला काय तरी घिऊन ये. न्हाय तर मी म्हनतो ते सांग. दोन्ही न्हाय, तर खोकी बांधायला जा."

त्याच दुपारी एसटीने तो बारामतीला गेला. सुमितच्या खोलीत बसून त्याने मूळ मजकूर पडद्यावर आणला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. त्यात त्याला दोष सापडला नाही. मग त्याने जे महिनाभर केले होते तेच केले: रंगुबाईचे नाव घातले, क्रमांक दाबला. चिठ्ठी बरोबर आली.

"आता दोन घाल," खाटेवर पेपर वाचत पडलेला सुमित सहज म्हणाला.

त्याने रंगुबाईपुढे रामहरींचे नाव घातले. पहिल्या चिठ्ठीवर रामहरी आले. दुसरीवरही रामहरीच आले. तिसरे नाव घातल्यावर ते तिसरे नाव तीनदा आले. महिनाभर त्याने आईचे एकटीचे नाव घालून पाहिले होते. आणि जेथे एकच मनुष्य आहे, तेथे शेवटचा कोण आणि पहिला कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग त्याला दिसले. पुडी नाव धरून ठेवते असे तो समजत होता. पुडी नाव धरीत नव्हती. नाव ज्या जागेवर लिहिले जाते ती जागा ती धरीत होती. आणि जागा त्याने एकच केली होती, सगळ्यांच्या वर, एकदाच. तीच पुसून तो पुढचे नाव लिहीत गेला. पुड्या सहा बांधल्या; सहाही त्या एकाच जागेकडे बोट दाखवून बसल्या. सकाळी एकेक पुडी सुटली तेव्हा प्रत्येकीने इमानाने त्या जागी जाऊन पाहिले. तेथे झुंबरराव होते. कंपायलरने सांगितले तेवढेच इमानाने उतरवले होते.

दुरुस्ती लहान होती. पुडी बांधण्याचे काम त्याने एका स्वतंत्र फंक्शनकडे सोपवले. त्याला हाक मारावी, नाव द्यावे, आणि त्याने पुडी बांधून परत द्यावी. दर हाकेला ते फंक्शन स्वतःची नवी जागा घेऊन येते. म्हणजे दर पुडीला स्वतःची जागा मिळते आणि तिच्यात दुसऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही. त्याने ते लिहिले, कंपायलरमधून काढले आणि आईपासून सुरुवात करून डझनभर नावे घालून पाहिली. मग एका फ्लॉपीवर जुना प्रोग्राम आणि दुसरीवर नवा घेतला, दोन्हींवर पेनाने तशी नावे लिहून कागद चिकटवले आणि शेवटच्या गाडीने घरी आला.

बैठकीच्या दिवशी संचालक संगणकाच्या खोलीत अनवाणी उभे होते. बुद्धघोषाने दारामागे उभा केलेला जुना फळा ओढून पुढे आणला. रामहरींच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले.

"समजा, मी डॉक्टरला नाव सांगितलं न्हाय," बुद्धघोष म्हणाला. "नुसतं सांगितलं, फळ्यावर नाव हाय तिकडं जा. आनि तो यायच्या आत..." त्याने फळ्यावर आईचे नाव लिहिले, पुसले, त्यावर आबासाहेबांचे लिहिले, तेही पुसले आणि झुंबररावांचे लिहिले. "आता सहा डॉक्टर येत्यात. प्रत्येक जण फळा वाचतोय. फळा एकच हाय."

"ते समजलं," एक संचालक म्हणाले. "पर झुंबरचंच नाव का?"

"त्यांचा फोन शेवटी आला."

"शेवटी का आला?"

"त्यांच्या संस्थेचा सचिव उशिरा उठतो," रामहरी म्हणाले.

"कोन सचिव? त्यो तर झुंबरचा भाचा!"

"बगा!" दोघेतिघे एकदम म्हणाले. आबासाहेबांनी बुद्धघोषाकडे पाहिले. त्या पाहण्यात अजूनही निमंत्रण होते. एवढे एक नाव उच्चारले, की खोक्यांचा प्रश्न कायमचा मिटत होता.

"भाचा उठला न उठला, यंत्राला काय कळतंय?" बुद्धघोष म्हणाला. "झुंबररावांनी काय केलं न्हाय. त्यांच्या जागी कुनी बी असतं तर त्याच्याकडंच सहा गेलं असतं. आबासाहेब, जुना प्रोग्राम चालवून दावतो. शेवटचं नाव तुमचं घालतो."

त्याने जुनी फ्लॉपी घातली. रामहरींनी पाच संचालकांची नावे घातली आणि शेवटी आबासाहेबांचे. क्रमांक दाबले गेले. एक संचालक बाहेर जाऊन खिडकीखालून चिठ्ठ्या गोळा करून आले आणि मोठ्याने वाचू लागले. पहिली आबासाहेब. दुसरी आबासाहेब. सहावीही आबासाहेब.

आबासाहेबांनी चिठ्ठ्या हातात घेऊन एकेक निरखली.

"सहाच्या सहा?" ते म्हणाले.

"व्हय."

"आबासाहेब, आता माझं शेवटी घाला की," एक संचालक म्हणाले.

त्यानंतर प्रत्येकाला शेवटी यायचे होते. ज्यांच्याकडे गाय नव्हती अशा एकांनीही म्हशीच्या नावे प्रयोग करून घेतला. कागद संपला तेव्हा रामहरींनी दुसरे बंडल आणले. मग बुद्धघोषाने नवी फ्लॉपी घातली आणि प्रत्येकाची स्वतंत्र चिठ्ठी निघाली. संचालकांनी आपापली एकुलती एक चिठ्ठी पाहिली. त्यांच्या चेहऱ्यांवर पूर्वीचे तेज राहिले नाही.

"ही बी बरी हाय," कोणीतरी म्हणाले.

झुंबररावांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. ठराव असा झाला, की नवा प्रोग्राम चालू ठेवावा; मात्र पुढच्या माजाला अध्यक्षांची गाय साधली तरच बुद्धघोषाची नेमणूक कायम करावी, अन्यथा नाही. सगळे चपला शोधू लागले, तेव्हा आबासाहेबांनी त्यास बाजूला घेतले.

"ती जुनी फ्लॉपी माझ्या कपाटात ठिवायला दे. मोडून टाकू नगंस. येळ काय सांगून येती का?"

बुद्धघोष "आणतो" म्हणाला आणि खोलीत परत गेला. दोन गाई एकाच दिवशी हुकल्या होत्या, म्हणजे त्या पुन्हा एकाच दिवशी माजावर येणार होत्या. तो यंत्रापुढे उभा राहिला. मग त्याने जुनी फ्लॉपी आत सारली आणि तिच्यावरच्या प्रोग्रामच्या जागी, त्याच नावाने, नवा प्रोग्राम उतरवला. वरचा कागद तसाच राहिला. त्यावर त्याच्या स्वतःच्या अक्षरात "जुना" असे लिहिले होते. ती त्याने आबासाहेबांच्या हातात दिली आणि त्यांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावले.

तीन आठवड्यांनी तो दिवस आला. पहाटे अंथुर्ण्याच्या सचिवाने रंगुबाईचा निरोप दिला. आणखी चार गावांहून फोन आले. सर्वांच्या शेवटी निमगावचा फोन आला. पाठोपाठ आबासाहेबांचा चालक ती फ्लॉपी रुमालात गुंडाळून घेऊन हजर झाला. साहेबांनी आज ही चालवायला सांगितली होती आणि नाव शेवटीच घाला असे बजावले होते.

"आता रं?" रामहरी हळूच म्हणाले. "तुझी आई राहिली म्हन की पुन्हा."

"चालवा," बुद्धघोष म्हणाला.

त्या दिवशी मात्र तो आत बसला नाही. चपला घालून तो खिडकीखाली उभा राहिला आणि प्रत्येक चिठ्ठी त्याने तंत्रज्ञाच्या आधी वाचली. पहिली रंगुबाईची होती. ती त्याने म्हस्कूच्या हातात दिली. शेवटची आबासाहेबांची होती, आणि ती एकच होती.

दुपारी केबिनमधून बोलावणे आले. टेबलावर ती फ्लॉपी होती आणि तिच्याशेजारी नेमणुकीचा टंकलिखित कागद, सहीविना.

"गाय साधली," आबासाहेब म्हणाले. "पर मानूस एकच आला."

"व्हय."

"फ्लॉपी जुनीच हाय ना? वर लिवलंय."

बुद्धघोषाला खोटे बोलण्याची संधी होती; पण त्याला एकाएकी दमल्यासारखे झाले.

"वरचं नाव जुनं हाय, आबासाहेब. पर यंत्र वरचं वाचत न्हाय. चालवायच्या वक्ताला आत जे आसंल, ते चालतं."

आबासाहेबांनी फ्लॉपी उचलली आणि तिच्या दोन्ही बाजू पाहिल्या. बाहेर दुधाच्या गाडीवर बरण्या चढवल्या जात होत्या.

"म्हंजी तू फळा पुसलास," ते म्हणाले.

"व्हय."

"आनि त्याच्यावर काय लिवलंस?"

"ज्येचं त्येचं नाव."

आबासाहेबांनी पेनाचे टोपण काढले, कागदावर सही केली आणि तो त्याच्याकडे सरकवला. फ्लॉपी त्यांनी पुन्हा कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "झुंबरला ठावं न्हाय आत काय हाय ते."

संध्याकाळी बुद्धघोष घरी आला तेव्हा रंगुबाई गाईपुढे कडबा टाकीत होती. चिठ्ठी तिने कनवटीला लावून ठेवली होती.

"म्हस्कू सकाळीच येऊन गेला," ती म्हणाली. "हे माझंच नाव हाय ना रं?"

"तुझंच हाय, आई."

"एकलाच आला व्हता."

"एकालाच धाडलं व्हतं."

"आसं व्हय," रंगुबाई म्हणाली आणि तिने गाईच्या पाठीवर हात ठेवला. "मी आपलं सहा जणांच्या चाचं दूध राखून ठिवलं व्हतं."